टेक्सासमधून गुलाबी बोंडअळी गेली, आपल्याकडून का जात नाही?

दसऱ्याच्या मागेपुढे विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातून दरवर्षी एकच बातमी येते. बोंड वरून हिरवंगार, टणक. नखाने फोडलं की आत पोखरलेली सरकी, डागाळलेला कापूस आणि गुलाबी पट्ट्यांची इवलीशी अळी. २०१७ साली या अळीने राज्यभर कपाशीचा जो घास घेतला, तो अजून कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून शेतकरी जमले की एक प्रश्न निघतोच: अमेरिकेत म्हणे ही अळी पार संपली. अळीला मारणारी बीटी कपाशी त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही. मग आपल्याच नशिबी हे का?

ऐकलेली गोष्ट खरी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळीचं तिथल्या कापूस पट्ट्यातून उच्चाटन झाल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. उच्चाटन म्हणजे अळी कमी होणं नव्हे, एकही न उरणं. आणि ही लढाई टेक्सास राज्यात सुरू झाली होती १९१७ साली. एकशे एक वर्षं लागली. त्या वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी, कायद्याने आणि शास्त्रज्ञांनी काय केलं, हे नीट समजून घेतलं तर आपलं घोडं कुठे अडलंय हे दिसतं.

अळी लपते कुठे

हिचा सगळा डाव लपण्यावर चालतो. मादी पतंग पात्या-फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या आतून जाळ्याने शिवून टाकते. फूल उमलत नाही, मिटल्या गुलाबासारखं राहतं. हीच आपली डोमकळी. बोंडात शिरली की आत जायचं भोकही बुजतं. मग वरून कितीही महागाचं औषध मारा, दार लावून आत बसलेल्या माणसावर अंगणातून पाणी शिंपडल्यासारखंच ते.

पण हिची एक बाजू फार दुबळी आहे. हिरवी बोंडअळी कपाशी संपली की तुरीवर जाते, हरभऱ्यावर जाते, टोमॅटोवर जाते. गुलाबी अळी मात्र जवळजवळ सगळा संसार कपाशीवरच मांडते. भेंडी-अंबाडीसारख्या कपाशीच्या नातलगांवर थोडीफार आढळते, एवढंच. हंगाम संपला की ती सरकीत, वाळल्या बोंडात किंवा जमिनीवरच्या पाचोळ्यात सुप्तावस्थेत जाते. सुप्तावस्था म्हणजे खाणं-पिणं, वाढणं बंद करून अनुकूल दिवसांची वाट पाहत निपचित पडून राहणं. पुन्हा कपाशी आली की पतंग बाहेर पडतात आणि चक्र सुरू होतं.

म्हणजे शेतात कपाशी नसतानाचे महिने हीच तिची कसोटी. टेक्सासची सगळी लढाई या एका गोष्टीभोवती फिरली.

भरूचहून हर्नला

या अळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ मधलं आहे आणि ते आपल्या शेजारच्या भरूचमधल्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून केलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या कापसाबरोबर ती इजिप्तला पोचली. इजिप्तचं बियाणं १९११ च्या सुमारास मेक्सिकोत गेलं. मेक्सिकोची सरकी आगगाडीने टेक्सासमधल्या हर्न गावच्या तेल गिरणीत आली आणि १९१७ साली गिरणीजवळच्या शेतात अळी सापडली. बियाण्याच्या पोत्यात बसून तिने अर्धं जग पालथं घातलं.

टेक्सास तेव्हा आधीच पोळलेलं होतं. १८९२ मध्ये मेक्सिकोच्या हद्दीवरून बोंडभुंगा नावाचा वेगळाच किडा राज्यात घुसला होता आणि त्याने बघता बघता दक्षिणेतल्या राज्यांमागून राज्यांत कपाशीचा फडशा पाडला होता. त्यामुळे नवी अळी दिसताच राज्याने त्याच वर्षी कायदा केला. सरकीच्या वाहतुकीवर बंधनं आली. हर्नच्या आसपास काही काळ कपाशी लावायलाच मनाई झाली. कपाशीवरच जगणाऱ्या माणसाला कपाशी लावू नको म्हणणं किती जड गेलं असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण अन्न तोडल्यावर तिथली अळी मेली. पुढे मेक्सिकोच्या बाजूने ती पुन्हा आली आणि या खेपेला पश्चिमेकडच्या राज्यांत पक्कं ठाण मांडून बसली. मात्र उपासमारीचा उपाय चालतो, एवढं तेव्हाच कळलं होतं.

पऱ्हाटी कधी काढायची, हे कायदा सांगतो

डेंग्यूच्या दिवसांत नगरपालिका कोरडा दिवस पाळायला सांगते. एका ठरावीक वारी सगळ्यांनी पिंप, टाक्या, कुंड्या रिकाम्या करून कोरड्या करायच्या. गल्लीतल्या पन्नास घरांनी पाळला आणि एकाच घराच्या गच्चीवर पाण्याचं पिंप राहिलं, तर डास पन्नासही घरांना चावतात. गुलाबी अळीचं तंतोतंत असंच आहे. माझं शेत मी कितीही स्वच्छ ठेवलं, तरी बांधापलीकडे जानेवारीपर्यंत फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेली कपाशी, उभी असेल तर पतंग तिथून उडून माझ्याकडे येणार.

टेक्सासने हा कोरडा दिवस कायद्यात बसवला. राज्याचे विभाग पाडले आणि कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उरलेली झाडं, मुळासकट नष्ट करायची शेवटची तारीख प्रत्येक विभागाला ठरवून दिली. वेचणी लवकर संपणाऱ्या दक्षिण टोकाला तारीख लवकरची, उत्तरेला उशिराची. रस्त्याकडेला, बांधावर आपोआप उगवलेली कपाशीही काढायची.

तारीख कशी ठरवायची, यामागचं शास्त्रही टेक्सासमध्येच पक्कं झालं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ पेरी ॲडकिसन यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की अळी सुप्तावस्थेत जायचं की नाही, हे दिवसाच्या लांबीवरून ठरवते. दिवस साधारण १३ तासांपेक्षा लहान झाला की तिला हिवाळ्याची चाहूल लागते. त्याच्या आत पीक आवरून पऱ्हाट्या काढल्या, तर अळीला झोपायला वेळच मिळत नाही. पतंग बाहेर पडतात, पण अंडी घालायला कपाशी नसते आणि आठ-पंधरा दिवसांत मरून जातात. या कामात औषधाचा थेंबही लागत नाही. मला या संपूर्ण कहाणीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच्याबद्दलच.

मग बीटीने काय केलं?

बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घालून केलेलं वाण. त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारक असं प्रथिन तयार करतं. बोंडात लपलेल्या अळीपर्यंत विष पोचवायचा प्रश्न त्याने सुटला, कारण बोंडच विषारी झालं. अमेरिकेत बीटी कपाशी १९९६ मध्ये आली, आपल्याकडे २००२ मध्ये. दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आपल्याकडे २००६ पासून आहे.

पण लाखो अळ्यांत एखादी अशी निघतेच, जिला हे विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ही उरते. तिला जोडीदारही तसाच मिळाला तर सगळी पिल्लं विषाला दाद न देणारी निपजतात. याला प्रतिकारशक्ती म्हणतात. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडला की आतले जंतू निर्ढावतात, तोच प्रकार.

यावरचा तोडगा म्हणजे रेफ्युजी. बीटीच्या जोडीला थोडी साधी कपाशी लावायची, म्हणजे तिच्यावर साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या भरपूर वाढतील. निर्ढावलेल्या एखाद्या पतंगाला चहूबाजूंनी साधेच जोडीदार भेटतील आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडेल. दुधात मिठाचा खडा पडला तर दूध नासू नये म्हणून हंडाभर दुधात तो विरवून टाकावा, तसं काहीसं. अमेरिकेत, विशेषतः ॲरिझोनात, शेतकऱ्यांनी रेफ्युजी मनापासून लावली आणि तिथे बीटी टिकलं.

आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत रेफ्युजीचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट मिळायचं. बहुतेकांनी ते बांधावर फेकलं. २०१० मध्ये गुजरातच्या चार जिल्ह्यांत पहिल्या पिढीच्या बीटीला अळी दाद देत नसल्याचं जाहीर झालं. आणखी काही वर्षांत दुसऱ्या पिढीचंही तेच झालं.

तेवढ्यावरून शेतकऱ्याला दोषी धरून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. कारण आपल्या बियाण्यातच एक खोट होती. अमेरिकेत बीटीची सरळ वाणं आहेत, त्यामुळे झाडावरच्या बोंडातल्या प्रत्येक सरकीत विष असतं. आपल्याकडे जवळपास सगळं बीटी संकरित. संकरित झाडाला बीटी जनुक एकाच पालकाकडून मिळतं, म्हणून एका जनुकाचा हिशोब धरला तर त्याच्या बोंडातली साधारण दर चौथी सरकी बिनविषाची निघते. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी शेजारी. अळी बिनविषारी दाणा खाऊन मोठी होते, विषारी दाण्याची थोडी चव घेते आणि हळूहळू सरावते. वर ही संकरित वाणं लांब मुदतीची. सहा महिने, पाणी असेल तर आठ महिनेही शेतात उभी. अळीच्या पिढ्यांवर पिढ्या त्यात निघतात. रेफ्युजी लावणं शेतकऱ्याच्या हाती होतं, पण बाजारात संकरित सोडून दुसरं बियाणंच नसणं त्याच्या हाती नव्हतं.

आकाशातून पडलेले वांझ पतंग

२००१-०२ मध्ये उच्चाटनाची मोहीम सुरू झाली ती टेक्सासच्या पश्चिम टोकाला, एल पासो आणि पेकोस नदीच्या वाळवंटी खोऱ्यांत. लगतचं न्यू मेक्सिको आणि हद्दीपलीकडचं मेक्सिकोचं चिवावा राज्यही त्यात होतं. अळीला देशाची सीमा कळत नाही, म्हणून दोन्ही देशांनी एकाच वेळी काम हाती घेतलं. पुढे ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया जोडले गेले.

शेताच्या कडेला कामगंध सापळे लागले. मादी पतंगाच्या वासाची कृत्रिम नक्कल करून नराला त्यात ओढतात, त्यावरून अळी कुठे किती आहे ते समजतं. या भागात लांब धाग्याचा पिमा कापूस बराच होतो आणि पिमात बीटी नव्हतं. तिथे झाडांना याच वासाच्या दोऱ्या बांधल्या. सगळं शेत मादीच्या वासाने भरून गेल्यावर खरी मादी कुठे आहे हे नराला सापडेनासं होतं. आपल्याकडे पीबी रोप किंवा पीबी नॉट म्हणतात ते हेच.

आणि मग वांझ पतंग. या कल्पनेचा उगमही टेक्सासच्या मातीत आहे. पोर्ट लव्हाका इथे जन्मलेले एडवर्ड निपलिंग यांनी जनावरांच्या जखमेत पडणाऱ्या अळीविरुद्ध, म्हणजे स्क्रूवर्मविरुद्ध, हा उपाय सुचवला होता. माशा कारखान्यात वाढवायच्या, किरणोत्सर्गाने वांझ करायच्या आणि लाखोंनी सोडून द्यायच्या. जंगली मादीची गाठ वांझ नराशी पडली की अंडी फुकट जातात. १९६२ मध्ये टेक्सासमधल्या मिशन गावाजवळ अशा माशांचा मोठा कारखाना उभा राहिला. बोंडअळीचे पतंग ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये तयार होत. त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असे. सापळ्यात सापडलेला पतंग चिरडून पाहिला की लाल निघाला तर आपला, नाहीतर रानटी. विमानांतून असे अब्जावधी पतंग कपाशीवर सोडले गेले. रेफ्युजीचं काम आता हे वांझ पतंगच करू लागले, म्हणून मोहिमेच्या भागात शंभर टक्के बीटी लावायची मुभा मिळाली.

बीटीने बहुतेक अळ्या मारल्या, पऱ्हाट्या काढल्याने आणखी काही उपाशी गेल्या, उरल्यासुरल्यांना जोडीदार म्हणून वांझ पतंग भेटले. या तिन्हींतलं एक जरी काढलं असतं तरी मोहीम फसली असती, असं माझं मत आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत उच्चाटनामुळे अमेरिकी कापूस उत्पादकांचे १९ कोटी २० लाख डॉलर वाचले.

"तिथले शेतकरी ऐकतात, आपले ऐकणार नाहीत"

हा आक्षेप मी खूप ठिकाणी ऐकलाय आणि तो टेक्सासचा इतिहास माहीत नसल्यामुळे येतो. तिथला शेतकरी अजिबात मुकाट नव्हता.

१९९३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने बोंडभुंगा संपवण्यासाठी एका प्रतिष्ठानाला मान्यता दिली. पद्धत अशी: विभागातल्या कापूस उत्पादकांनी मतदान करायचं, मोहीम मंजूर झाली तर प्रत्येकाने पट्टी भरायची आणि नियम सगळ्यांना लागू. रिओ ग्रँडे नदीच्या दक्षिण खोऱ्यात १९९५ साली मोहीम सुरू झाली. मॅलेथिऑन या कीटकनाशकाच्या सततच्या फवाऱ्यांनी मित्रकीटक मेले आणि त्या वर्षी दुसऱ्याच एका लष्करी अळीचा असा उद्रेक झाला की शेतं हातची गेली. शेतकरी खवळले. जानेवारी १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा मतदान करून मोहीमच बंद पाडली. काही शेतकरी न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खासगी प्रतिष्ठानाला पट्टी वसूल करायचे इतके अधिकार देणं राज्यघटनेला धरून नाही. विधिमंडळाला कायदा दुरुस्त करून सरकारी देखरेख आणावी लागली. रिओ ग्रँडेच्या खोऱ्यात मोहीम परत सुरू व्हायला २००५ उजाडलं.

पश्चिम टेक्सासमधली गुलाबी अळीची मोहीम याच प्रतिष्ठानाने राबवली, हे ठेच खाऊन शहाणं झाल्यानंतर. शेतकऱ्याला मत होतं, नाही म्हणायची सोय होती, पट्टीचा पैसा कुठे जातो हे विचारायचा हक्क होता. म्हणून शेवटी सगळे एका तारखेला पऱ्हाट्या काढायला तयार झाले. आपल्याकडे फरदड घेऊ नका अशी भित्तिपत्रकं लागतात, पण शेतकऱ्याला विचारतो कोण?

"मग आपणही विमानातून पतंग सोडू"

एवढ्यात तरी नाही, आणि याची कारणं सरळ आहेत. पहिलं म्हणजे अळी आधी फार कमी व्हावी लागते. रानटी पतंगांच्या कित्येक पट वांझ पतंग सोडले तरच गणित जमतं. टेक्सासमध्ये बीटी अजून लागू पडत होतं, म्हणून अळी आधीच घटली होती. आपल्याकडे ते हत्यार बोथट झालं आहे. दुसरं कारण भूगोलाचं. एल पासोची कपाशी नदीकाठच्या पट्ट्यांत आहे, भोवती वाळवंट. बाहेरून पतंग येणं कठीण. एकट्या महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टर कपाशी, आणि ती गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगणाच्या कपाशीला सलग लागलेली. तिसरं, आपली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर. तिथे शंभर जणांना एका टेबलाशी बसवलं की पूर्ण खोरं बसतं; इथे एका तालुक्याला हजारो खातेदार.

पण कामगंध सापळे, पीबी रोप, वेळेवर पऱ्हाट्या काढणं आणि कमी मुदतीची वाणं यांना विमान लागत नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था दाट लागवडीची, लवकर निघणारी वाणं बरीच वर्षं सांगते आहे. गावच्या शिवारापुरतं एकमत झालं तरी फरक पडतो, कारण गुलाबी अळीचा बराचसा त्रास आपल्याच गावातल्या उरलेल्या पऱ्हाट्यांतून, घरी रचलेल्या सरपणातून आणि जिनिंगच्या आवारातल्या सरकीतून उठतो.

फरदड सोडली तर घर कसं चालायचं?

खरा अडसर हा आहे. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड ठेवली की दोन-चार क्विंटल कापूस जास्तीचा मिळतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला पुढच्या वर्षीच्या अळीपेक्षा या महिन्याचे पैसे मोठे वाटणारच. पऱ्हाटी चुलीसाठीही लागते.

यावर टेक्सासची एक जुनी गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९०३ साली बोंडभुंग्याने सगळे हवालदिल असताना सीमन नॅप नावाचे कृषितज्ज्ञ टेरेल या गावात गेले. लवकर पेरा, लवकर येणारं वाण लावा, वेचणी झाली की पऱ्हाट्या नष्ट करा, असं त्यांचं म्हणणं होतं. शेतकरी कशाला धोका पत्करेल? तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि शेतकऱ्याला सांगितलं की यात नुकसान झालं तर आम्ही भरून देऊ. एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीवर प्रयोग केला आणि नुकसान होण्याऐवजी त्याला फायदा झाला. कृषी विस्ताराचं काम, म्हणजे शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन प्रात्यक्षिक दाखवणं, अमेरिकेत पसरलं ते या टेरेलच्या शेतापासून. सल्ला देणाऱ्यांनी तिथे आधी शेतकऱ्याचा धोका स्वतःच्या अंगावर घेतला होता. फरदड मोडणाऱ्याला त्या दोन क्विंटलांची भरपाई, किंवा रब्बीत हरभरा पेरायला बियाणं आणि पाण्याची हमी, असं आपल्याकडे कुणी एकदा एखाद्या तालुक्यात मनापासून करून पाहावं, असं मला फार वाटतं.

टेक्सासचंही काम संपलेलं नाही. रिओ ग्रँडेच्या दक्षिण खोऱ्यात बोंडभुंगा अजून आहे. उरलेल्या अमेरिकेतून तो गेला, पण नदीच्या पलीकडे मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात त्याचा वावर आहे आणि वाऱ्याबरोबर तो अलीकडे येतो. त्यामुळे खोऱ्यातले शेतकरी आजही पट्टी भरतात, शेताच्या कडेने सापळे लागतात, आणि रस्त्याकडेला कपाशीचं एखादं रोप चुकून उगवलं तर ते उपटायला माणूस जातो.